पानाकडे परत नेणाऱ्या कृती : मुलांबरोबर ‘द हॉबिट’ वाचताना

मुलांबरोबर एखादी कादंबरी वाचायची ठरली की मुखवटे करणे, चित्रे रंगवणे, भिंतीवर तक्ते लावणे अशा कृतींची यादी चटकन तयार होते. त्यांतल्या बऱ्याच कृती पुस्तक न उघडताही पुऱ्या करता येतात. ड्रॅगनचे चित्र काढण्यासाठी कादंबरी वाचावी लागत नाही; पण ड्रॅगनच्या छातीवर रत्नांचे कवच कुठे उघडे पडले आहे हे चित्रात दाखवायचे असेल तर ते पान शोधावेच लागते. म्हणून या लेखातील प्रत्येक कृती एकाच कसोटीवर निवडली आहे : हात कामाला लागले की मुलाला पुन्हा पानाकडे जावे लागले पाहिजे. ज्या कृतीत तशी गरज पडत नाही, ती कितीही सुंदर दिसली तरी वाचनाच्या तासात तिला जागा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी घेतली आहे. ती २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाली आणि तिची १९ प्रकरणे आहेत. घर, चहा आणि दुसरी न्याहारी यांत सुखी असलेला बिल्बो बॅगिन्स नावाचा हॉबिट (माणसाहून ठेंगण्या लोकांपैकी एक), गॅन्डाल्फ या जादूगाराच्या आग्रहामुळे तेरा ड्वार्फांच्या, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या बुटक्या लोकांच्या, मोहिमेत ओढला जातो आणि स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेला डोंगर व खजिना परत मिळवण्याच्या प्रवासाला निघतो, एवढे कथासूत्र पालकांना आधी ठाऊक असले तरी पुरे. सहावी ते आठवीच्या मुलांना ही कादंबरी चांगली झेपते. मराठी अनुवाद हाती असेल तर तो वाचावा. नसेल तर मोठ्या माणसाने इंग्रजीतील एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगावा आणि महत्त्वाची वाक्ये मुलांकडून मूळ इंग्रजीत मोठ्याने वाचून घ्यावीत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळेतली मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषांत रोज ये-जा करतात, त्यामुळे ही पद्धत त्यांना अवघड वाटत नाही. मोठ्यांनाच ती अधिक अवघड वाटते.

चित्रपटांविषयी एक सूचना आधीच द्यावीशी वाटते. २०१२ ते २०१४ या काळात या कथेवर तीन चित्रपट आले आणि अनेक मुलांनी ते मोबाइलवर पाहिलेले असतात. पुस्तक पूर्ण होईपर्यंत ते दाखवू नयेत. एखादे मूल टॉरिएल नावाच्या एल्फ योद्धीविषयी उत्साहाने बोलू लागले तर त्याला रागावू नये, तिचे नाव पुस्तकात शोधून आणायला सांगावे. ती पुस्तकात नाहीच. हा शोध मुलाने स्वतः लावला की पुढे ‘हे पुस्तकात आहे का?’ हा प्रश्न गटात आपोआप विचारला जाऊ लागतो.

सुरुवात ऑगस्टमध्ये का करावी

आठवड्याला एक प्रकरण हा वेग बरा पडतो, परंतु सुरुवात कधी करायची याला या कादंबरीत विशेष महत्त्व आहे. डोंगराच्या गुप्त दाराचे कुलूप ड्युरिनच्या दिवशीच सापडते, आणि हा ड्युरिनचा दिवस म्हणजे ड्वार्फांचा वर्षारंभ, शरद ऋतूतल्या शेवटच्या चांद्रमासाचा पहिला दिवस, असे पुस्तकात सांगितले आहे. आता आपले पंचांग उघडावे. शरद ऋतूचे महिने आश्विन आणि कार्तिक. त्यांतला शेवटचा कार्तिक. त्याचा पहिला दिवस कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे दिवाळीचा पाडवा, ज्या दिवशी विक्रम संवताचे नवे वर्षही सुरू होते. टॉल्किन यांच्या मनात आपले पंचांग नव्हते आणि त्यांचा शरद ऋतू इंग्लंडचा होता, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण चंद्रावर चालणाऱ्या कालगणनेत हा दिवस आपल्याकडे कोणता येईल, हे मुलांनी स्वतः पंचांगात शोधून काढण्यासारखी दुसरी कृती या पुस्तकात क्वचितच सापडेल. त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला पहिले प्रकरण घ्यावे. गणेशोत्सवाचा एखादा आठवडा सुटतो, त्यानंतर कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची मोठी सुटी असते, हे धरूनही दिवाळीच्या सुमारास अकरावे प्रकरण, म्हणजे गुप्त दाराचे प्रकरण, हाती येते. दिवाळी लवकर येत असेल त्या वर्षी जुलैमध्येच आरंभ करावा. उरलेली आठ प्रकरणे डिसेंबर-जानेवारीपर्यंत संपतात आणि मार्चच्या परीक्षांना धक्का लागत नाही.

तेरा पाहुणे आणि एक करारनामा

पहिल्या प्रकरणात वाचक मुलांची खरी अडचण असते ती नावांची. ड्वालिन, बालिन, किली, फिली, डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन, बिफुर, बोफुर, बोंबुर आणि थोरिन ही नावे सारखीच वाटून मुले गोंधळतात आणि काही जण तिथेच पुस्तक मिटतात. टॉल्किन यांनी यावर उपाय मजकुरातच ठेवला आहे : प्रत्येक पाहुणा आपली रंगीत टोपी खुंटीवर अडकवतो. गडद हिरवी ड्वालिनची, तांबडी बालिनची, निळ्या टोप्या किली आणि फिली यांच्या, आणि शेवटी लांब रुपेरी गोंडा असलेली आकाशी टोपी थोरिनची. बाकीच्या टोप्यांचे रंग मी येथे मुद्दाम देत नाही, कारण ते शोधणे हेच मुलांचे काम आहे. पताकांच्या कागदाच्या किंवा शिंप्याकडच्या चिंध्यांच्या तेरा लहान टोप्या करून त्या दोरीवर, पाहुणे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, अडकवाव्यात. पुढे प्रत्येक वेळी ड्वार्फांपैकी कोणी बोलला की वाचणाऱ्या मुलाने ती टोपी हातात घ्यावी. महिन्याभरात नावे पाठ होतात.

पाहुण्यांनी काय काय खायला मागितले याची यादीही मुलांकडून करून घ्यावी आणि तिच्या शेजारच्या रकान्यात, आपल्या घरी न सांगता तेरा माणसे आली तर आई किंवा आज्जी पुढ्यात काय ठेवील, हे लिहावे. कुंदा आणि मांडे सगळेच लिहितात. पण अवेळी तेरा जणांना पुरेल असे घरात खरोखर काय असते, हा विचार करायला लावला की मुले चिरमुऱ्यांवर आणि भाकरीवर येतात, आणि बिल्बोची धांदल त्यांना जवळून कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्बोला थोरिन आणि कंपनीचे पत्र मिळते. एकूण नफ्याचा, झालाच तर, चौदावा हिस्सा, तोही काम झाल्यावर रोख, प्रवासखर्च कंपनीचा, प्रसंग आल्यास अंत्यविधीचा खर्चही कंपनीचा. हे पत्र शांतपणे वाचून त्याचा मराठी करारनामा लिहायला सांगावा : पक्षकार कोण, काम कोणते, मोबदला किती, धोका कोणाचा. खंडाने किंवा वाट्याने शेती देणाऱ्या घरांतील मुलांना कराराची भाषा थोडीफार कानावरून गेलेली असते. आजोबांकडे एखादा जुना कागद असेल तर तो पाहून त्यातली वाक्यरचना उचलावी. हा करारनामा जपून ठेवायचा आहे. डिसेंबरमध्ये तो पुन्हा लागणार आहे.

दुसऱ्या प्रकरणातील बर्ट, टॉम आणि विल्यम या तीन ट्रॉलांचा प्रसंग वाचिक अभिनयासाठी उत्तम आहे. गॅन्डाल्फ लपून त्यांच्याच आवाजात बोलतो, भांडण पेटते ठेवतो आणि पहाट होताच ट्रॉल दगड होतात. आधी प्रत्येक मुलाने पेन्सिलने खूण करावी की कोणती वाक्ये ट्रॉलांची आणि कोणती गॅन्डाल्फची. मग गॅन्डाल्फ झालेल्या मुलाने दाराआडून ती म्हणावीत. मुलांना हा प्रसंग घरच्या बोलीत करायला फार आवडतो, आणि ‘काय करूलालास?’ ऐकताच वर्ग जिवंत होतो. मात्र एक पथ्य पाळावे : बेळगावी बोली केवळ ट्रॉलांच्या तोंडी घालू नये. बिल्बो, थोरिन, गॅन्डाल्फ असे सगळेच त्या बोलीत बोलू देत. आपल्या घरची भाषा फक्त राक्षसांना शोभते, असा समज मुलांच्या मनात चुकूनही उतरता कामा नये.

पूर्व वर असलेला नकाशा

थोरिनच्या आजोबांनी, थ्रोरने, काढलेल्या नकाशात पूर्व दिशा वर आहे. ड्वार्फांच्या नकाशांची तीच रीत, असे टॉल्किन सांगतात. शाळेत नेहमी उत्तर वर असलेला नकाशा पाहिलेल्या मुलांना हे कळण्यासाठी तोच प्रयोग आपल्या मुलखावर करावा. तक्त्याच्या वरच्या कडेला पूर्व लिहून खानापूर तालुका काढायला सांगितला की सह्याद्री आणि गोवा तळाशी जातात, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा तळाकडून वर, कृष्णेच्या दिशेने चढू लागते आणि भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई उलट खाली, गोव्याकडे, उतरते. एकमेकींपासून फार दूर नसलेल्या उगमांतून निघून दोन नद्या दोन समुद्रांकडे कशा जातात, हे अशा नकाशावर फार लवकर ध्यानात येते. यानंतर बिल्बोचा प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे या रीतीने खालून वर, आखत जावा आणि प्रत्येक प्रकरणाअखेर एक खूण वाढवावी.

नकाशावरचा मजकूर रून लिपीत आहे. टॉल्किन यांनी त्यासाठी जुन्या इंग्रजी रून अक्षरांचा वापर केला, आणि पुस्तकात छापलेला नकाशा मुलांना खरोखर उलगडता येतो. पण गुप्त लिपीची गंमत समजण्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडची मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, आणि सीमाभागातील कित्येक घरांच्या पेट्यांत जमिनीचे, देण्याघेण्याचे मोडी कागद अजून आहेत, जे घरातल्या कोणालाच वाचता येत नाहीत. आजोबांनी ठेवलेला, नातवाला न वाचता येणारा कागद म्हणजेच थ्रोरचा नकाशा होय. मोडी मुळाक्षरांचा तक्ता मिळवून मुलांनी निदान आपले नाव आणि गावाचे नाव त्या लिपीत लिहावे. घरचा कागद आणायचा असेल तर मूळ प्रत आणू नये, मोबाइलवर काढलेला फोटो आणावा.

याहून सोपी आणि या भागातच शक्य असलेली दुसरी कृती आहे. मुलांनी मराठी निरोप कन्नड अक्षरांत लिहावा. दोन्ही लिप्यांची मुळाक्षरे बव्हंशी त्याच क्रमाची असल्यामुळे हे काम जलद होते. ज्याला कन्नड लिपी येते पण मराठी येत नाही त्याला हा निरोप वाचता येईल, परंतु कळणार नाही. ज्याला मराठी येते पण कन्नड लिपी येत नाही त्याला तो वाचताच येणार नाही. लिपी आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना यातून व्याख्येवाचून कळते, आणि दोन्ही येणाऱ्या मुलाला आपण पुस्तकात थ्रोरचा नकाशा वाचणाऱ्या एल्रॉन्डसारखे जाणकार असल्याचा योग्य अभिमान वाटतो.

तिसऱ्या प्रकरणात एल्रॉन्ड नकाशावरची चंद्राक्षरे वाचतो. ती एरवी दिसत नाहीत. ज्या ऋतूत आणि चंद्राच्या ज्या कलेत लिहिली गेली, त्याच ऋतूत व कलेत चंद्र अक्षरांच्या मागून प्रकाशला तरच उमटतात. लिंबाच्या रसाने लिहून कागद इस्त्रीखाली तापवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे, पण ती या प्रसंगाला पुरेशी जुळत नाही, कारण येथे प्रकाश मागून यायला हवा. त्यासाठी एक कोरा कागद पाण्यात भिजवून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर पसरावा, त्यावर कोरडा कागद ठेवून बॉलपेनने जोर देऊन लिहावे आणि वरचा कागद काढून टाकावा. खालचा कागद ओला असताना अक्षरे दिसतात आणि वाळला की नाहीशी होतात. पुन्हा भिजवून बॅटरीसमोर धरला की परत उमटतात. निरोप म्हणून मुलांनी पुस्तकातील चंद्राक्षरांचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि कागद वाळवून अकराव्या प्रकरणापर्यंत वहीत ठेवावा.

अंधारातली कोडी

पाचवे प्रकरण हा या पुस्तकाचा गाभा आहे आणि त्याला दोन किंवा तीन बैठका मनमोकळेपणाने द्याव्यात. डोंगराखालच्या अंधारात, तळ्याकाठी, बिल्बो आणि तेथे राहणारा गोलुम नावाचा विचित्र प्राणी एकमेकांना कोडी घालतात. बिल्बो जिंकला तर गोलुम त्याला वाट दाखवणार, हरला तर खाणार. पर्वत, दात, वारा, डेझीच्या फुलांवरचे ऊन, अंधार, अंडे, मासा आणि काळ ही त्या कोड्यांची उत्तरे. वाचताना प्रत्येक कोड्यापाशी थांबावे, उत्तराचा भाग हाताने झाकावा आणि मुलांना विचार करू द्यावा. उत्तर न येता गेलेली दोन मिनिटे वाया जात नाहीत. बिल्बोची घालमेल मुलांना त्याच दोन मिनिटांत कळते. खोली अंधारी करून मधोमध एकच दिवा ठेवला तर अधिक चांगले.

यानंतरचे काम घरी आहे. मुलांनी आज्जी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून, शेतावर कामाला येणाऱ्या बायकांकडून कोडी गोळा करून आणावीत. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हे दात आणि जिभेचे कोडे बहुतेक घरांत सापडते, आणि बिल्बोचे दातांचे कोडे त्याच्या शेजारी ठेवले की मुले थक्क होतात : तिकडे तांबड्या टेकडीवर पांढरे घोडे आहेत, इकडे चिऱ्यांची भिंत आणि नागीण. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हणजे चांदण्या आणि चंद्र. ‘तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई’ हे चूल आणि तव्याचे कोडे गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलांना सुटत नाही. तेव्हा चूल पाहायला पाठवावे. शेजारच्या कन्नड घरांतून ओगटू, म्हणजे त्यांची कोडी, जरूर आणावीत. आमच्या भागात एकाच गल्लीत दोन्ही भाषांची कोडी मिळतात, हे मोठे धन आहे.

जमलेली कोडी तीन ढिगांत लावावीत : ज्यांत वस्तूला माणूस किंवा प्राणी केले आहे ती, ज्यांत ‘अमुक आहे पण तमुक नाही’ असा विरोध आहे ती, आणि ज्यांत केवळ शब्दांची करामत आहे ती. मग पुस्तकातील प्रत्येक कोडे कोणत्या ढिगात बसते हे मुलांनी ठरवावे. या वर्गीकरणावर वाद होतील, आणि ते होऊ द्यावेत, कारण वाद घालणारे मूल कोड्याचा प्रत्येक शब्द तपासत असते. यानंतरच मुलांना स्वतःचे कोडे रचायला सांगावे. आधी रचायला सांगितले तर ‘चार पाय पण चालत नाही’ अशी खुर्चीची आणि टेबलाचीच कोडी येतात; वर्गीकरणानंतर मात्र विरोध कसा बांधायचा हे हाताला वळण पडलेले असते.

बिल्बोचा शेवटचा प्रश्न, माझ्या खिशात काय आहे, हे कोडे म्हणता येईल का? (खिशात असते ती त्याला अंधारात सापडलेली गोलुमची अंगठी.) गोलुम तक्रार करतो आणि स्वतः बिल्बोलाही खात्री नसते. मुलांनी कोड्यांच्या खेळाचे नियम लिहून काढावेत आणि त्या नियमांनुसार निवाडा द्यावा. आठवीच्या मुलांना याच्या पुढची एक गोष्ट सांगावी. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत गोलुमने पैजेवर अंगठीच लावली होती आणि तो बराच प्रामाणिक होता. पुढच्या कथेशी मेळ बसावा म्हणून टॉल्किन यांनी हे प्रकरण बदलले आणि १९५१च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आजचे रूप छापले जाऊ लागले. जुन्या रूपात बिल्बोने अंगठी कशी मिळवली असेल हे मुलांनी एका पानात लिहावे. छापील पुस्तकसुद्धा लेखकाने पुन्हा हाती घेऊन बदललेले असते, हे कळल्यावर मुले आपला निबंध दुसऱ्यांदा लिहायला कुरकुरत नाहीत.

मधल्या प्रकरणांत थोडक्यात

सातव्या प्रकरणात गॅन्डाल्फ बिऑर्नला, म्हणजे अस्वलाचे रूप घेऊ शकणाऱ्या माणसाला, हकिकत सांगत असतो आणि ड्वार्फ दोन-दोन करून ठरावीक वेळाने येत राहतात. प्रत्येक वेळी गोष्ट तुटते आणि बिऑर्नची उत्सुकता वाढते. एका मुलाला पहिल्या सहा प्रकरणांची हकिकत सांगायला बसवावे आणि बाकीच्यांनी टोप्या घेऊन तसेच जोडीजोडीने यावे. सांगणाऱ्याने आल्या माणसाला गोष्टीत सामावून घेत पुढे जायचे. उजळणीचा हा माझ्या मते सर्वांत उत्तम मार्ग आहे.

मर्कवुडच्या रानासाठी शहापूर, वडगाव, खासबाग भागात विणकरांकडे उरलेले सूत मिळते. खांबांना सूत बांधून जाळे करावे आणि प्रत्येक धाग्याला, कोणी कोणाला कोणत्या प्रकरणात वाचवले, याची चिठ्ठी लावावी. पहिल्या प्रकरणांत धागे गॅन्डाल्फकडून निघतात. आठव्यापासून ते बिल्बोकडून निघू लागतात. ही नोंद मुलांकडूनच यावी, आपण आधी सांगू नये.

नवव्या प्रकरणात ड्वार्फ ज्यांत लपून नदीतून निसटतात त्या पिंपांसाठी झाकणाचे डबे, भाताचे पिंजर आणि दगड घ्यावेत. कोणता डबा सरळ तरंगतो, कोणता गरगर फिरतो आणि रिकाम्या डब्यावर बसलेली मातीची बाहुली किती वेळ टिकते, हे हौदात किंवा मोठ्या टबात पाहावे. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या ओढ्यावर किंवा मार्कंडेय नदीवर मुलांना हा प्रयोग करायला कदापि नेऊ नये.

दिवाळीचा किल्ला आणि शेजारचा डोंगर

दिवाळीत आपल्याकडे गल्लोगल्ली मुले मातीचे किल्ले करतात, त्यामुळे डोंगर उभा करण्याची विद्या त्यांना शिकवावी लागत नाही. विटा आणि दगडांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेले पोते, वरून चाळलेल्या मातीचा लेप, हे ती मुले आपल्यापेक्षा चांगले करतात. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती त्यासाठी चांगली. पूर्वेकडच्या काळ्या मातीला वाळल्यावर भेगा पडतात, म्हणून तिच्यात वाळू व भाताचा तूस मिसळावा. महाराजांचा किल्ला मोडून तेथे स्मॉगचा डोंगर करू नये, शेजारी करावा. दोन्ही शेजारी असले की तुलना आपोआप सुरू होते : महाद्वार कुठे, चोरवाट कुठे, पाणी कुठून येते, पहारा कोठून ठेवायचा. जमल्यास आधी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन हेच प्रश्न खऱ्या गडावर विचारून यावे.

डोंगर मात्र पुस्तकाबरहुकूम झाला पाहिजे. मुख्य दरवाजा दक्षिणेला, त्यातून बाहेर पडणारी नदी, दरीत उद्ध्वस्त झालेले डेल शहर, त्याच्याही दक्षिणेला लांब तळे आणि त्यावरचे लाकडी गाव, आणि गुप्त दार पश्चिमेच्या अंगाला. दिशा होकायंत्राने किंवा सूर्यावरून निश्चित कराव्यात. किल्ल्यावर आपण हळीव, मोहरी किंवा नाचणी पेरून हिरवळ करतो. येथे मात्र सगळीकडे पेरू नये. ड्रॅगनने आजूबाजूचा प्रदेश उजाड केला आहे, आणि गुप्त दारासमोरच्या लहानशा कपारीत मात्र गवत आहे, असे वर्णन आहे. तेव्हा बी फक्त तेथे टाकावे. शेवटच्या प्रकरणात, बालिन भेटायला येतो तेव्हा, त्या प्रदेशाचे काय झाले ते वाचून मग उरलेल्या उतारावर काय करायचे ते मुलांनी ठरवावे.

नकाशावरचा मजकूर सांगतो की गुप्त दार पाच फूट उंच आहे आणि आतून तिघे शेजारी-शेजारी चालू शकतात. हे मूळ मापाने भिंतीवर खडूने काढावे. मोठ्या माणसाला वाकावे लागते, सहावीतले तिघे सहज जातात आणि स्मॉगचे डोकेही आत शिरणार नाही, हे पाहिल्यावर हा मार्ग ड्रॅगनला का वापरता येत नाही ते सांगावे लागत नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी अकरावे प्रकरण वाचावे. पश्चिमेकडच्या दारासमोर मुलांनी बसावे, वाळवलेली चंद्राक्षरे भिजवून पुन्हा वाचावीत आणि मावळतीचे शेवटचे किरण पुठ्ठ्याच्या छिद्रातून दारावर कुठे पडतात ते पाहावे. छिद्र आधी दोन-तीन दिवस जुळवावे लागते, कारण या दिवसांत सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, काहीसा दक्षिणेकडे सरकून मावळतो, आणि हीदेखील मुलांनी स्वतः टिपायची गोष्ट आहे. बिल्बोला त्या वेळी पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसते. आपल्याला प्रतिपदेला ती बहुधा दिसत नाही, भाऊबीजेला सूर्यास्तानंतर दिसते. म्हणून वहीतील त्या पानाला दोन तारखा घालाव्यात.

चौऱ्याऐंशी चिंचोके

ड्रॅगन मेल्यानंतरची प्रकरणे मुलांना आधी कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांना वाटते की गोष्ट संपली. वास्तविक येथून पुढे पुस्तक सर्वांत कठीण प्रश्न विचारते : खजिना कोणाचा? चौऱ्याऐंशी चिंचोके मांडून त्याला खजिना मानावे. जपून ठेवलेला करारनामा काढून बिल्बोचा चौदावा हिस्सा मोजावा. तो सहा येतो. पंधराव्या प्रकरणात ड्रॅगनला मारणाऱ्या बार्डच्या वतीने बारावा हिस्सा मागितला जातो. तो सात येतो. आता कराराचा अर्थ लावावा : बार्डला दिल्यावर उरलेल्यातून बिल्बोचा हिस्सा काढायचा की आधी? नफा म्हणजे नक्की काय? मुले येथे वकिलासारखी बोलू लागतात आणि आपण लिहिलेल्या करारनाम्यातील ढिलाई त्यांनाच दिसते.

यानंतर सभा भरवावी. बिल्बो आर्केनस्टोन हे थोरिनला प्राणाहून प्रिय असलेले रत्न लपवतो आणि ते बार्ड व एल्फराजाच्या हाती देतो, युद्ध टळावे म्हणून. हा विश्वासघात की शहाणपण? एका बाजूने थोरिनचे, दुसऱ्या बाजूने बार्डचे आणि तिसऱ्या बाजूने बिल्बोचे म्हणणे मांडायचे. नियम एकच आणि तो कडकपणे पाळावा : प्रत्येक विधानाबरोबर पान क्रमांक. पान सांगता आले नाही तर एक चिंचोका सभेच्या मधोमध जमा करावा. पंच मुलांतलाच असावा आणि त्याने निर्णयाबरोबर कारण लिहावे. थोरिनची बाजू मांडायला गटातील सर्वांत हुशार मूल द्यावे, कारण सुरुवातीला तिकडे कोणीच जात नाही. बिल्बो अखेर खजिन्याच्या वाट्यादाखल दोन लहान पेट्या, एक सोन्याने आणि एक चांदीने भरलेली, एवढेच घेऊन परततो, ही गोष्ट सभा संपेपर्यंत सांगू नये.

गट, साहित्य आणि तपासणी

आठ ते चौदा मुलांचा गट चांगला चालतो; अधिक असतील तर दोन गट करावेत. पुस्तकाच्या प्रती कमी असल्या तरी अडत नाही, परंतु एक प्रत कायम मधोमध, सर्वांच्या हाताला येईल अशी असावी आणि तिच्यावर पेन्सिलने खुणा करण्याची मोकळीक असावी. साहित्यासाठी वेगळा खर्च करू नये. जे घरात, शेतात किंवा गल्लीत मिळत नाही ते वगळावे.

गुण देऊ नयेत. त्याऐवजी प्रत्येक मुलाने वहीत दर आठवड्याला तीनच ओळी लिहाव्यात : आज हाताने काय केले, त्यासाठी कोणते पान पुन्हा उघडावे लागले, आणि त्या पानावर आधी न दिसलेले काय दिसले. तिसरी ओळ सलग दोन आठवडे रिकामी राहिली तर दोष मुलाचा समजू नये. ती कृती बदलावी.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. आयोजकांशी आधी बोलून मुलांसाठी थोडा वेळ मागून घ्यावा आणि तेथे कोड्यांचे प्रकरण सादर करावे : अर्धी कोडी बिल्बो आणि गोलुमची, अर्धी मुलांनी गावातून गोळा केलेली, आणि उत्तरे श्रोत्यांनी द्यायची. ज्या आज्जी-आजोबांनी कोडी दिली त्यांना पुढच्या रांगेत बसवावे आणि प्रत्येक कोडे कोणाकडून मिळाले ते मुलांनी व्यासपीठावरून सांगावे.